सगळी गिऱ्हाइकं मुंबईचीच? देवगडच्या एका आंबा कंपनीच्या सर्व्हर लॉगचं प्रकरण

पार्श्वभूमी

देवगड तालुक्यातल्या बागायतदारांची एक शेतकरी उत्पादक कंपनी हापूस थेट गिऱ्हाइकाला विकते. ओळख पटेल असे तपशील इथे काढले आहेत. हंगाम मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत, जेमतेम अडीच महिन्यांचा. पुण्यात आणि ठाण्यात पेट्या उतरवून घ्यायची ठरलेली ठिकाणं आहेत. बाकी सगळीकडे माल पार्सलने जातो, आणि पार्सलने गेलेल्या पेटीत दबलेल्या फळाची तक्रार ठरलेली. म्हणून तिसऱ्या एखाद्या शहरात स्वतःचा टेम्पो न्यायचं घाटत होतं. नाशिक, कोल्हापूर आणि बंगळुरू ही तीन नावं पुढे होती. गाळा घ्यायचा तर अनामत फेब्रुवारीअखेर भरायची होती.

वेबसाइट साधी आहे. भाड्याचा लिनक्स सर्व्हर, त्यावर पानं पाठवणारं एन्जिनएक्स आणि पानं बनवणारं वर्डप्रेस, पुढे एका सीडीएनचा, म्हणजे पानांच्या फाइली स्वतःच्या केंद्रांतून देणाऱ्या मधल्या सेवेचा, फुकटातला प्लॅन. भाव, पेटीत किती डझन, कोणत्या आकाराचं फळ आणि बुकिंगचा फॉर्म, एवढाच पसारा. बरेच जण फॉर्म भरतच नाहीत. भाव बघतात आणि फोन नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप करतात. ऑर्डरच्या वहीत पत्ते होते, पण ते माल घेतलेल्यांचे. ‘आमच्याकडे येत नाही वाटतं’ म्हणून भाव बघून परत गेलेले लोक कुठले, हे वहीतून कळणार नव्हतं. तिसरं ठिकाण निवडायला नेमकी त्यांचीच माहिती हवी होती. सर्व्हरच्या लॉगकडे, म्हणजे कोणी कोणतं पान कधी मागितलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदींकडे, वळायचं कारण हे.

अडचण

जानेवारीतल्या बैठकीत होस्टिंगच्या पॅनेलमधला एक नकाशा दाखवला गेला. त्यावर मुंबईचा ठिपका सगळ्यात मोठा, बंगळुरूचा त्याच्या खालोखाल, आणि तिसरा छिंदवाड्याजवळ. कोल्हापूर जवळजवळ कोरं. बंगळुरूच्या बाजूने असलेल्यांना जोर आला. एका सदस्याने मात्र विचारलं, छिंदवाड्यात आपला आंबा खातो तरी कोण?

पुढचं सगळं काम या प्रश्नातून निघालं. आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवर येणाऱ्याला मिळणाऱ्या क्रमांकावरून, जागा सांगणाऱ्या डेटाबेसला एखाद्या पत्त्याबद्दल ‘भारत’ एवढंच माहीत असेल, तर तो देशाच्या मधोमधचा एक बिंदू देऊन मोकळा होतो. भारतासाठी तो साधारण २२ अंश उत्तर, ७९ अंश पूर्व इथे पडतो, म्हणजे छिंदवाड्याच्या शेजारी. अमेरिकेत असाच मधला बिंदू कॅन्ससमधल्या एका शेतघरावर पडत होता. इंटरनेटवर कोणी कुठेही लबाडी केली की तपास करणारे त्या घराच्या दारात, असं वर्षानुवर्षं चाललं आणि २०१६ मध्ये त्याचा गाजावाजा झाला. छिंदवाड्यावर अजून ती वेळ आलेली नाही, पण नकाशावरचा तो ठिपका माणसांचा नाही, ‘माहीत नाही’ या उत्तराचा आहे.

लॉगमध्ये काय होतं, काय नव्हतं

काम कणकवलीच्या एका तंत्रज्ञाकडे दिलं. लॉगची एक ओळ उघडली की डावीकडून आयपी पत्ता, मग चौकटी कंसात वेळ, अवतरणात मागितलेलं पान, स्थितीचा आकडा, किती बाइट गेले, कुठून आला तो रेफरर, आणि शेवटी ब्राउझरची ओळख म्हणजे यूजर एजंट. पहिली निराशा इथेच झाली. या सर्व्हरवर लॉगरोटेट रोज एक फाइल बाजूला काढतं आणि चौदाच ठेवतं. डेबियन या लिनक्सच्या प्रकारातल्या एन्जिनएक्स पॅकेजमध्ये हेच ठरलेलं असतं आणि कोणी ते बदललं नव्हतं. गेल्या हंगामाचे लॉग केव्हाच पुसले गेले होते. हातात होते जानेवारीचे चौदा दिवस, झाडावर मोहर असतानाचे.

दुसरी निराशा मोठी. त्या चौदा दिवसांतही पहिल्या खान्यात गिऱ्हाइकाचा पत्ता नव्हताच, सीडीएनचा होता. माणूस सीडीएनला भेटतो आणि सीडीएन सर्व्हरला, त्यामुळे सर्व्हरला मधल्याचंच तोंड दिसतं. खरा पत्ता मागणीसोबत येणाऱ्या एका वेगळ्या ओळीत, हेडरमध्ये, येतो, पण लॉगच्या नेहमीच्या साच्यात तो लिहिला जात नाही. जे लिहिलंच नाही ते मागाहून काढता येत नाही. पॅनेलमधला नकाशा या पत्त्यांवर उभा होता. मुंबईचा मोठा ठिपका म्हणजे बऱ्याच अंशी सीडीएनचं मुंबईतलं केंद्र.

दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. एन्जिनएक्सच्या रिअल-आयपी मॉड्यूलला दोन गोष्टी सांगाव्या लागतात: खरा पत्ता कोणत्या हेडरमध्ये आहे, आणि तो हेडर कोणाकडून आला तर खरा मानायचा. दुसरी गोष्ट विसरू नये. सीडीएनने जाहीर केलेल्या पत्त्यांच्या पट्ट्यांपुरताच हा विश्वास ठेवायचा असतो. सरसकट ठेवला तर कोणीही थेट सर्व्हर गाठून हेडरमध्ये हवा तो पत्ता लिहील आणि लॉग तो निमूट उतरवून घेईल.

घड्याळाचाही घोळ होता. सर्व्हर जागतिक वेळेवर चालत होता. दुपारी चारला सगळ्यात जास्त वर्दळ दिसते म्हणून त्या वेळेला व्हॉट्सअ‍ॅपवर भाव टाकायचं ठरत होतं. त्यात साडेपाच तास मिळवले की ती वर्दळ रात्री साडेनऊची, जेवणं आटोपल्यावरची.

बॉट वेगळे काढताना झालेली चूक

खरे पत्ते येऊ लागल्यावर दहा दिवस लॉग साठू दिला आणि मग बॉट, म्हणजे आपोआप पानं मागणारे प्रोग्राम, वेगळे काढायला चाळण लावली. लॉगइनच्या पानावर आणि वर्डप्रेसला बाहेरून हुकूम देता येणाऱ्या एक्सएमएल-आरपीसीच्या फाइलवर धडका मारणारे थेट बाद. स्वतःला बॉट, क्रॉलर किंवा स्पायडर म्हणवणारे बाद. गूगलचा बॉट असल्याचं सांगणाऱ्याच्या पत्त्यावरून नाव उलट शोधलं, ते गूगलच्या डोमेनचं निघतं का आणि त्या नावावरून परत तोच पत्ता येतो का हे पाहिलं. सोंग घेणारे बरेच असतात.

चौथ्या चाळणीत फसगत झाली. माणसाचा ब्राउझर पानासोबत चित्रं आणि सीएसएस, म्हणजे पानाच्या मांडणीची फाइल, मागतो, साधा बॉट नुसतं पान उचलतो. म्हणून सीएसएस न मागणारा तो बॉट, हा जुना नियम लावला. निम्म्याहून जास्त माणसं एका झटक्यात गायब झाली. कारण पुन्हा सीडीएनच. चित्रं आणि सीएसएस तो स्वतःच्या साठ्यातून देतो, त्यामुळे ती मागणी सर्व्हरपर्यंत येतच नाही. नियम काढला आणि त्याऐवजी पत्ता कोणत्या नेटवर्कचा आहे हे पाहिलं. त्यासाठी नेटवर्क क्रमांकांचा वेगळा डेटाबेस मिळतो. घरातला माणूस मोबाइल कंपनीच्या किंवा ब्रॉडबँडच्या नेटवर्कवरून येतो, भाड्याच्या सर्व्हरच्या नेटवर्कवरून सहसा नाही. सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांचे सगळे पत्ते वगळले तेव्हा बंगळुरूचा ठिपका इतका आक्रसला की बैठकीत काही क्षण कोणी बोललं नाही. तिथल्या डेटा सेंटरांतले बॉट हीच ती बंगळुरूची गिऱ्हाइकं.

माणसं मोजणंही सोपं नव्हतं. पत्ता अधिक यूजर एजंट म्हणजे एक माणूस, हा हिशेब आता चालत नाही. अँड्रॉइडवरचा क्रोम २०२३ पासून फोनचं मॉडेल सांगत नाही. सगळेच ‘अँड्रॉइड १०, के’ असं म्हणतात. त्यात मोबाइल कंपन्या जुन्या पद्धतीच्या, आयपीव्ही-४ च्या, एकाच पत्त्यामागे असंख्य फोन बसवतात, म्हणजे शंभर माणसं एक दिसू शकतात. आयपीव्ही-६ या नव्या पद्धतीत उलटा प्रकार: पत्त्याचा मागचा भाग फोन स्वतःच बदलत राहतो आणि एकाच माणसाचे चार होतात. तिथे पहिले ६४ बिटच धरले. आयपीव्ही-४ साठी नेमका आकडा काढायचा नाद सोडला आणि अहवालात ‘माणसं’ऐवजी ‘भेटी’ असं लिहिलं.

अकरा फोनांची चाचणी

आता नकाशा विश्वासाचा झाला, असं तंत्रज्ञाला वाटत होतं. संचालकांपैकी एकाने तो ताडून बघायचा आग्रह धरला, आणि या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय तोच. अकरा ओळखीच्या माणसांना प्रत्येकी वेगळी लिंक पाठवली. देवगड, मालवण, कणकवली आणि सावंतवाडीत सात, कोल्हापुरात दोन, सांगलीत आणि पुण्यात एकेक. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर लिंक उघडायची आणि आपण कुठे आहोत ते कळवायचं.

सुरुवातीलाच गंमत झाली. कोणी लिंक उघडायच्या आधीच अकराही लिंकांवर एकेक नोंद आली, सगळ्या एकाच पत्त्यावरून. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लिंक टाकली की खाली चित्र-मथळ्याची चौकट दिसते. ती तयार करायला पाठवणाऱ्याचाच फोन पान मागवून घेतो, आणि यूजर एजंटमध्ये तसं लिहिलेलंही असतं. या नोंदी भेटींतून वगळल्या, पण वेगळ्या खान्यात ठेवल्या. कोणतं पान लोक किती वेळा पुढे पाठवतात, याचा अंदाज लॉगमध्ये आयता मिळतो तो इथेच.

चाचणीचा निकाल असा: अकरापैकी सात फोन मुंबईत दिसले, दोन पुण्यात, एक नागपुरात, एक थेट छिंदवाड्याजवळ. सिंधुदुर्गात एकही नाही. कोल्हापूरचे दोन्ही मुंबईत. देवगडच्या एका बागायतदाराला स्क्रीन दाखवली तेव्हा तो म्हणाला, “माझो फोन माझ्या हातात आसा, मी माझ्या खळ्यात उभो, आनि ह्यो नकासो माका मुंबयत दाखयता?”

दाखवतो, कारण मोबाइल डेटाचा प्रवास टॉवरपाशी संपत नाही. कंपनीच्या एखाद्या मोठ्या केंद्रात जाऊन तो इंटरनेटला मिळतो, आणि पत्ता त्या केंद्राचा लागतो. दूरसंचार विभागाच्या हिशेबात मुंबई हे स्वतंत्र सर्कल आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह दुसरं. आयपी पत्ते मात्र ही हद्द पाळतीलच असं नाही. देवगडचा फोन रस्त्याने चारशेहून जास्त किलोमीटर दूर ‘उगवतो’. नवा किंवा विकतचा डेटाबेस आणला तरी फार फरक पडत नाही, कारण पत्ता खरोखरच तिथला असतो. माणूस तिथला नसतो.

घरच्या ब्रॉडबँडवर त्याच लोकांपैकी चौघांनी पुन्हा पाहिलं. एक सिंधुदुर्गात दिसला, एक कोल्हापुरात, दोन पुण्यात. थोडं बरं, पण टेम्पो काढण्याइतकं नाही. डेटाबेसमध्ये प्रत्येक जागेसोबत अचूकतेची त्रिज्या किलोमीटरमध्ये दिलेली असते. मोठी त्रिज्या असलेल्या नोंदी गाळून काम भागेल असं वाटलं होतं. भागलं नाही. मुंबईत चुकीच्या दिसलेल्या सातांपैकी काहींची त्रिज्या लहानच होती.

कोणते मार्ग तपासले

तयार अ‍ॅनालिटिक्स सेवा लावायचा विचार झाला, पण शहर ओळखायला त्याही आयपी पत्त्यावरच विसंबतात. तोच नकाशा जरा देखण्या रंगांत मिळाला असता.

ब्राउझरकडून जागेची परवानगी मागितली तर उत्तर नेमकं येतं. पण भाव बघायला आलेल्याच्या तोंडावर ‘तुमचं ठिकाण कळू द्यावं का’ ही खिडकी उघडली की तो पान बंद करतो. आणि आंबे विकायला माणसाचं घर नेमकं कुठे आहे हे कळायची गरजच नाही.

तिसरा मार्ग सोपा निघाला: माणसालाच विचारायचं, पण त्याच्या फायद्याच्या वेळी. भावाच्या पानावर एक चौकट ठेवायची, ‘पिन कोड टाका, पेटी तुमच्यापर्यंत कशी येईल ते बघा’. उत्तर लगेच मिळतं, आणि विचारलेला पिन लॉगमध्ये आपोआप उतरतो.

एका सदस्याचा पोस्टरवर शहरागणिक वेगळा क्यूआर कोड छापायचा आग्रह होता. तो मान्य झाला, पण पोस्टर आधीच ठरलेल्या शहरांत लागतात, त्यामुळे नवं शहर शोधायला त्याचा उपयोग नव्हता.

केलेली कार्यवाही

पिनची चौकट फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लावली. सहा आकडी पिन सर्व्हरकडे पाठवायचा नाही, फोनमध्येच कापून पहिले तीन आकडे पाठवायचे, असं ठरलं. कमी माहिती घेतली की सांभाळायचा घोर कमी. हेतू चांगला होता, पण तीन आकड्यांनी घात केला. ४१६ मध्ये कोल्हापूरही येतं, सांगलीही आणि खुद्द सिंधुदुर्गही. देवगडचा पिन ४१६६१३, कोल्हापूर शहराचा ४१६००१ पासून, सांगली ४१६४१६. आठवडाभर जो ‘कोल्हापूरचा’ मोठा आकडा दिसत होता, त्यात गावातलेच लोक चौकट चालते का ते बघत बसले होते.

चार आकडे घेतले तेव्हा चित्र सुटं झालं: ४१६० कोल्हापूर, ४१६१ मध्ये इचलकरंजी, ४१६४ सांगलीकडचा भाग, ४१६६ आपलंच. तरी ४१६५ मध्ये सावंतवाडी आणि गडहिंग्लज एकत्र राहिले, घाटाखालचं आणि घाटावरचं एकाच डब्यात. तेवढं चालवून घेतलं. पिनच्या उत्तराला साठवू नका असा हेडरही लावला. नाहीतर तोच पिन दुसऱ्याने विचारला की सीडीएन परस्पर उत्तर देऊन टाकेल आणि लॉगमध्ये नोंदच होणार नाही.

आयपीवरचा नकाशा टाकून दिला नाही, त्याचं काम आवरलं. शहरांचे ठिपके काढून परदेशांसाठी देश आणि भारतासाठी नुसतं राज्य रंगवलं. ‘भारत, जागा अज्ञात’ अशी वेगळी चौकट नकाशाच्या बाहेर समुद्रात ठेवली. डेटाबेस मॅक्समाइंड कंपनीचा फुकट मिळणारा जिओलाइट-२ वापरला. २०१९ च्या डिसेंबरअखेरपासून त्याला खातं आणि परवान्याची किल्ली (लायसन्स की) लागते, आणि नवी आवृत्ती आली की जुनी तीस दिवसांत काढून टाकायची अट आहे. त्यामुळे तो आपोआप बदलेल अशी सोय केली.

लॉग किती ठेवायचा यावर दोनदा मत बदललं. आधी ठरलं, तीस दिवस. आयपी पत्ता ही माणसापर्यंत पोचवणारी माहिती आहे आणि २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहितीचा कायदा डोक्यात होता. मग लेखापालाने सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश पुढे केले. त्यांत कंपन्यांनीही आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवावेत असं आहे, आणि हा गट कंपनी म्हणून नोंदलेला. शेवटी कच्चे लॉग १८० दिवस, कुलूपबंद, दोघांनाच उघडता येतील असे. दिवसाचा गोषवारा, म्हणजे देश, राज्य, नेटवर्कचा प्रकार, पान आणि पिनचे चार आकडे, कायमचा. त्यात आयपी पत्ता नाही.

निर्णय आणि परिणाम

सुट्या झालेल्या पिनचा हिशेब फेब्रुवारीअखेरीस जेमतेम दोन आठवड्यांचा होता. पुणे, मुंबई आणि ठाणे सोडून सगळ्यात जास्त विचारणा ४१६०, ४१६१ आणि ४१६४ मिळून. नाशिक त्याच्या निम्म्यावर. बंगळुरूची विचारणा होती, पण शहरभर विखुरलेली. होस्टिंगच्या नकाशावर कोल्हापूर कोरं होतं, हे इथे आठवावं.

तरीही कोल्हापूर सरळ मंजूर झालं नाही. तिथे मार्केट यार्डात हापूस येतोच, मग आपल्याकडून कोण घेणार, ही शंका रास्त होती. शिवाय चौकटीत पिन टाकणं म्हणजे खरेदी नव्हे. मधला रस्ता निघाला: गाळा आणि अनामत नको, फोंडा घाटातून आठवड्याला एक टेम्पो, ठरलेला वार, आधी बुकिंग केलेल्याच पेट्या, आणि उतरवायला ओळखीच्या दुकानाची ओसरी. एप्रिलच्या सुरुवातीच्या फेऱ्या अर्ध्या रिकाम्या गेल्या. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यापासून टेम्पो भरू लागला आणि मेच्या मध्यापर्यंत भरत राहिला. दबलेल्या फळांच्या तक्रारी त्या पट्ट्यातून जवळपास थांबल्या. परतीचा टेम्पो मात्र रिकामाच येतो, त्याचं भाडं अजून खटकतं.

राज्य-देश नकाशानेही एक गोष्ट दाखवून दिली. आखाती देश आणि अमेरिकेतून येणाऱ्या भेटी अपेक्षेपेक्षा ठळक होत्या. देशापुरतं बोलायचं तर आयपी पत्ता बराच भरवशाचा असतो. याच भेटींत विचारलेले पिन मात्र पुण्याचे आणि ठाण्याचे होते. दुबईत बसून कोथरूडच्या आईला पेटी पाठवणारा मुलगा नकाशावर दुबईत दिसतो आणि टेम्पोला पुण्यात लागतो. फॉर्ममध्ये ‘पैसे देणारा’ आणि ‘पेटी घेणारा’ असे दोन फोन नंबर घेतले गेले ते यानंतर. त्याआधी पेटी आल्याचा निरोप दुबईला जात होता आणि पुण्यात दाराला कुलूप.

काय वेगळं करता आलं असतं

अकरा फोनांची चाचणी सगळ्यात आधी करायला हवी होती. तिला एक संध्याकाळ लागली. बॉटांच्या चाळण्यांवर तीन आठवडे गेले, आणि त्यातले दोन तरी शहरांचा नकाशा सुधारण्याच्या आशेने गेले. चाचणी आधी झाली असती तर पिनची चौकट जानेवारीतच लागली असती आणि निर्णयाला सहा आठवड्यांची माहिती मिळाली असती.

पिनच्या चौकटीत गावातल्या लोकांचे प्रयोग मिसळतील हेही आधी ओळखता आलं असतं. सदस्यांना चाचणीसाठी ठरावीक खोटा पिन द्यायचा, शून्याने सुरू होणारा. तसा खरा पिन भारतात नसतो, त्यामुळे तो हिशेबातून वगळणं सोपं. हे सुचलं एप्रिलमध्ये.

एक प्रश्न मात्र लॉग सोडवू शकले नाहीत. कोल्हापूरची मागणी आधीपासून होती की ‘कोल्हापूरला टेम्पो येतो’ हे चौकटीत दिसू लागल्यामुळे वाढली? मार्चपासून चौकटीचं उत्तर बदललं, आणि त्याआधीचा हिशेब दोन आठवड्यांचाच. नाशिकबाबत हे टाळायचं म्हणून या पावसाळ्यापासूनच पिनची नोंद चालू ठेवली आहे, टेम्पोचा शब्दही न काढता.